नव्या पीसीत जुनं पीसीआय सिरियल कार्ड बसत नाहीये, व्हीएमसीला प्रोग्राम कसा पाठवायचा?

टूलरूम_अंबड

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे पण पूर्ण सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सगळंच लिहितो. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एक्सलो पॉइंटच्या बाजूला आमचं छोटं टूलरूम आहे, वडिलांनी सुरू केलेलं, डाय-मोल्डची कामं करतो. एक जुनी व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) आहे, फॅनकचा ०-एम कंट्रोल (मशीन चालवणारा कॉम्प्युटर), मशीन अजून एकदम टकाटक आहे, पण मेमरी फक्त ८० मीटरची, त्यामुळे मोल्डचे मोठे प्रोग्राम आत मावतच नाहीत, पीसीवरून आरएस-२३२ ने (जुन्या पद्धतीच्या सिरियल पोर्टने) थोडा थोडा पाठवत चालवावा लागतो. इतकी वर्षं एक्सपीवाला जुना पीसी आणि त्यात दोन पोर्टचं पीसीआय सिरियल कार्ड, यावरच सगळं चाललं होतं.

मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या पावसात एका संध्याकाळी लाईट तीन-चार वेळा गेली-आली आणि पीसी बसला. उघडून बघितला तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत. कार्ड मात्र ठीक आहे, मित्राच्या जुन्या पीसीत लावून बघितलं, चालतंय. म्हणून नवा पीसी घेतला आणि कार्ड बसवायला गेलो तर स्लॉटच नाही! एक लांब स्लॉट आहे आणि एक अगदी छोटा, दोन्हीत खाच जुळत नाही. दुकानदार म्हणाला आता हे कार्ड कुठेच बसणार नाही, यूएसबी कन्व्हर्टर लावा. लावला. छोटे प्रोग्राम जातात, मोठा पाठवला की दहा-पंधरा मिनिटांनी ०८७ अलार्म येतो आणि मशीन मधेच थांबतं, जॉबवर टूलचा डाग पडतो तो वेगळाच. एक पी-२० चा (मोल्डच्या स्टीलचा) इन्सर्ट त्यात गेला.

सर्व्हिसवाल्याला विचारलं तर म्हणतो कंट्रोलच बदला. ते आमच्या आवाक्यातलं नाही आणि चांगलं मशीन काय म्हणून मोडीत काढायचं. दोन पार्ट्यांचे मोल्ड अडकलेत, कोणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.

बोर्डवाला_सिडको

दादा, आधी स्लॉटचं सांगतो म्हणजे परत चुकीचं कार्ड घेतलं जाणार नाही. पीसीत जादाचं कार्ड घालायची पद्धत १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनची, तेव्हाच्या स्लॉटला पुढे आयएसए म्हणायला लागले. मग १९९२ ला इंटेलने पीसीआय आणलं, तुमचं कार्ड त्यातलं. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, सगळी कार्डं एकाच रस्त्यावर, मिळून सेकंदाला १३३ एमबी. २००३ पासून पीसीआय एक्स्प्रेस. नाव सारखं असलं तरी तारांचा प्रकारच वेगळा आहे, इथे प्रत्येक स्लॉटला स्वतःच्या लेन असतात. त्यामुळे खाच घासून, कापून वगैरे बसवायचा विचार मनातसुद्धा आणू नका, कार्ड आणि बोर्ड दोन्ही जातील (एकाने खरंच कानस मारली होती, मी तो बोर्ड बघितलाय).

तुमचा तो छोटा स्लॉट म्हणजे एक्स-१, लांब म्हणजे एक्स-१६. एक्स-१ चं कार्ड लांब स्लॉटमध्येही बसतं आणि चालतं, ग्राफिक्स कार्ड नसेल तर तिथे लावलं तरी हरकत नाही. पीसीआय एक्स्प्रेसचं सिरियल कार्ड सरळ मिळतं, मी हजार-बाराशेला घेतलं होतं. घेताना दोन गोष्टी बघा. तुमचा कॅबिनेट स्लिम असेल तर मागची पत्र्याची पट्टी छोटी लागते, काही कार्डांबरोबर दोन्ही पट्ट्या येतात काहींबरोबर नाही, आणि घरी आल्यावर कळतं की कार्ड बसतंय पण कॅबिनेटचं झाकण लागत नाही. दुसरं, कार्डवरच्या चिपचा नंबर विचारून तुमच्या विंडोजचा ड्रायव्हर आहे का ते आधी शोधा.

पीसीआय कार्ड एक्स्प्रेस स्लॉटमध्ये चालवणारे ब्रिज बोर्डही मिळतात. पण तुमच्या जुन्या कार्डचा ड्रायव्हर एक्सपीच्या ३२ बिटचा असणार, ६४ बिट विंडोज तो घेणारच नाही. म्हणजे ब्रिजला पैसे घालून काम अर्धवटच राहणार. मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

मल्टिमीटर_ताई

थांबा थांबा, कार्ड घ्यायच्या आधी कॅबिनेट उघडून मदरबोर्डच्या खालच्या कडेला नीट टॉर्च मारून बघा. कित्येक नव्या बोर्डवर सिरियल पोर्ट अजून असतो, फक्त मागे बाहेर काढलेला नसतो. पाच-पाचच्या दोन ओळी, त्यातली एक पिन नसते, म्हणजे एकूण नऊ, आणि शेजारी बारीक अक्षरात कॉम-१ किंवा जे-कॉम असं छापलेलं असतं. हा खराखुरा यूएआरटी (अक्षरं बिट-बिट करून पाठवणारं-घेणारं सर्किट) आहे, बोर्डवरच्या सुपर आय/ओ चिपमधला, पत्ता तोच जुना ३एफ८ आणि आयआरक्यू ४. मी सातपूरला इंडस्ट्रियल बोर्ड दुरुस्त करते, माझ्याकडे आलेल्या निम्म्या लोकांना आपल्या बोर्डवर हा आहे हेच माहीत नसतं आणि यूएसबीच्या मागे लागलेले असतात, फार जीव तुटतो.

असला तर बायोसमध्ये जाऊन सिरियल पोर्ट एनेबल आहे का बघायचं आणि त्याची पट्टीवाली केबल आणायची, एका बाजूला दहाचं काळं सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला पत्र्यावर बसवलेला नऊ पिनचा डी कनेक्टर. एम. जी. रोडला मिळून जाईल, नाहीतर ऑनलाइन.

आता इथे लक्ष द्या कारण इथेच सगळे अडकतात. ही केबल दोन प्रकारची येते आणि बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. एका प्रकारात नंबराला नंबर जोडलेला असतो, १ ला १, २ ला २, ५ ला ५. दुसऱ्या प्रकारात रिबन नुसती सरळ दाबलेली असते, त्यामुळे तारा डी कनेक्टरवर १, ६, २, ७, ३, ८, ४, ९, ५ अशा जाऊन पडतात. चुकीची लावली तर काही जळेलच असं नाही पण पोर्ट मुका बसतो, आणि माणूस दोन दिवस सॉफ्टवेअरशी झगडत राहतो. मल्टिमीटर बीपवर ठेवा, सॉकेटच्या ५ नंबरला एक टोक, डी च्या ५ नंबरला दुसरं. वाजलं तर पहिला प्रकार. नाही वाजलं आणि सॉकेटचं ९ नंबर डी च्या ५ ला वाजलं तर दुसरा. बाजारातल्या बहुतेक बोर्डांना पहिला लागतो, पण मॅन्युअलमध्ये हेडरच्या पिना दिलेल्या असतात त्या बघूनच घ्या, पाचवी पिन ग्राउंड असेल तर नंबराला नंबर.

जोडल्यावर मशीनला लगेच लावू नका. पीसी चालू असताना डी च्या ३ आणि ५ मध्ये डीसी व्होल्टेज मोजा, उणे ५ ते उणे १२ च्या मधे काहीतरी दिसलं पाहिजे. मग पीसी बंद करून २ आणि ३ तारेच्या तुकड्याने जोडा, चालू करून टर्मिनल प्रोग्राममध्ये काहीही टाइप करा, तेच अक्षर स्क्रीनवर परत आलं म्हणजे पोर्ट शंभर टक्के जिवंत.

रास्पबेरी_पंचवटी

मी वेगळा पर्याय सुचवू का? रास्पबेरी पायवर (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) आरएस-२३२ ची हॅट लावून मशीनच्या मागेच डबीत बसवून टाका, वायफायने प्रोग्राम टाकायचा आणि पाय पुढे मशीनला पाठवणार. पंखा नको, मोठा पीसी नको, कास्ट आयर्नची काळी धूळ आत ओढायचा प्रश्नच नाही. हॅट म्हणजे पायच्या ४० पिनांवर वरून बसणारी पाटी, २०१४ ला बी प्लस मॉडेलबरोबर ही पद्धत आली. तिच्यावर एक छोटी मेमरी चिप असते, २७ आणि २८ नंबरच्या पिनांवरून पाय ती वाचतो आणि कुठली पाटी बसलीय हे स्वतःच ओळखतो. मी कॉलेजच्या प्रोजेक्टला वापरलीय, मस्त चालते.

मल्टिमीटर_ताई

@रास्पबेरी_पंचवटी कल्पना चांगली आहे रे, मलाही पाय आवडतो, पण दोन खाचखळगे आहेत ते दादांना सांगायलाच हवेत. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. आरएस-२३२ चे उणे-अधिक १२ तिथे सरळ गेले तर पाय तिथेच संपला, मधे मॅक्स-३२३२ सारखी लेव्हल बदलणारी चिप हवीच, चांगल्या हॅटवर ती असते पण स्वस्तात नुसत्या तारा जोडून कोणी करू नका. आणि दुसरं, पाय ३ आणि ४ वर चांगला यूएआरटी मुळात ब्लूटूथला दिलेला असतो, पिनांवर येतो तो मिनी यूएआरटी आणि त्याला पॅरिटीच (चूक पकडायचा जादा बिट) येत नाही. फॅनकला इव्हन पॅरिटी लागते. म्हणजे आधी कॉन्फिगमध्ये ब्लूटूथ बंद करून मोठा यूएआरटी पिनांवर आणायचा, मगच पुढचं. जॉब अडकलेला असताना नव्या वाटेने जाऊ नका, सध्या पीसीवरच चालवा, निवांत झाल्यावर पाय करून बघा.

रास्पबेरी_पंचवटी

पॅरिटीचं खरंच माहीत नव्हतं ताई, माझ्या प्रोजेक्टला ८-एन-१ (म्हणजे पॅरिटीशिवाय) होतं म्हणून कधी अडलंच नाही. थँक्यू.

जुना_सेटर

उशिरा बघितलं. मी सातपूर-अंबडला २२ वर्षं सेटिंग केलंय, त्यातली निम्मी ०-एम आणि ०-टी वर. वर जे सांगितलंय ते बरोबरच आहे पण ०८७ चं कोणी बोललं नाही, आणि दुखणं तिथंच आहे.

कंट्रोल पीसीला म्हणतो थांब, म्हणजे डीसी-३ पाठवतो, ज्याला तुम्ही लोक एक्सऑफ म्हणता. थांब म्हटल्यावर कंट्रोल फार तर १० अक्षरं अजून पोटात घेतो. त्याच्या पुढे अक्षरं येतच राहिली की ०८७, बफर ओव्हरफ्लो. आता यूएसबी कन्व्हर्टरचं काय होतं, पीसीने अक्षरं आधीच कन्व्हर्टरच्या पोटात भरून ठेवलेली असतात, थांब हा निरोप पीसीपर्यंत जाऊन पीसी थांबेपर्यंत ती सगळी मशीनकडे निघालेली असतात. छोट्या प्रोग्रामला थांबायची वेळच येत नाही म्हणून तो जातो. मोठ्याला येते, आणि तुमचा इन्सर्ट जातो.

पण कार्ड घेतलं म्हणजे सुटलात असं समजू नका भाऊ. साध्या १६५५० यूएआरटीचा फिफो (अक्षरं रांगेत धरून ठेवायची जागा) १६ अक्षरांचा असतो. १६ म्हणजे १० पेक्षा जास्त! नव्या कार्डांचा फिफो तर त्याहून मोठा आणि दुकानदार तेच कौतुकाने सांगतो. आपल्याला इथे मोठा फिफो नकोय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टवर जा, प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, तिथे फिफोच्या दोन पट्ट्या दिसतील, ट्रान्समिटवाली सरकवून पार खाली १ वर आणा. डीएनसी सॉफ्टवेअरमध्ये (पीसीवरून मशीनला प्रोग्राम पुरवणारं) एक्सऑन-एक्सऑफ चालू ठेवा. ७ बिट, इव्हन, २ स्टॉप, आणि बॉड (पाठवायचा वेग) कंट्रोलच्या पॅरामीटरमध्ये जो असेल तोच. ९६०० ला एका अक्षराला स्टार्ट, पॅरिटी, स्टॉप धरून ११ बिट जातात, म्हणजे सेकंदाला ८७० च्या आसपास अक्षरं, फिनिशिंगला बारीक बारीक ब्लॉक असतील तर त्यापेक्षा फीड वाढवून उपयोग नाही, मशीन अडखळत चालतं आणि फिनिशवर दिसतं.

आणि ती ८० मीटर मेमरी म्हणजे काय हे आजच्या पोरांना माहीत नसतं म्हणून सांगतो. कागदाची भोकं पाडलेली टेप असायची, इंचाला १० अक्षरं. ८० मीटर टेपवर साधारण ३२ हजार अक्षरं मावायची, ती तुमची मेमरी. टेप गेली, माप राहिलं.

केबल कोणी बनवलीय? जुनीच असेल तर हात लावू नका. नवी करणार असाल तर पीसीच्या ९ पिनवाल्याचा २ मशीनच्या २५ पिनवाल्याच्या २ ला, ३ ला ३, आणि ५ ला ७. मशीनच्या बाजूला ४-५ शॉर्ट आणि ६-८-२० शॉर्ट, हे विसरलात तर ०८६ येईल. आणि मशीनची २५ नंबरची पिन कशालाही जोडायची नाही. तिथे २४ व्होल्ट असतात, टेप रीडरसाठी दिलेले. बाजारातली २५ तारांची तयार केबल लावून कार्ड जाळलेली माणसं मी बघितलीत.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात आधी करायचं. पीसीचं अर्थिंग तपासा. मशीनला वेगळा अर्थ आणि पीसी ऑफिसच्या प्लगवर, असं असलं की दोन्ही अर्थमधला फरक त्या बारीक केबलमधून वाहतो, आणि वीज कडाडली की पहिलं कार्ड जातं मग बोर्ड. तुमचा पीसी वळवाच्या पावसातच गेला म्हणताय. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो, त्यात कोणी पाणी घालत नाही. प्लगवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर नवा पीसी मशीनला जोडूच नका. केबलची जाळी एकाच टोकाला अर्थ करा. आणि दोन्हीकडची पॉवर बंद केल्याशिवाय केबल काढायची-घालायची नाही, कितीही घाई असली तरी.

टूलरूम_अंबड

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी सुट्टी होती तर दिवसभर हेच करत बसलो, काय काय झालं ते लिहितो म्हणजे पुढच्या कोणाला उपयोगी पडेल.

ताई, हेडर निघाला! नवीन बोर्डच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, पुढच्या यूएसबीच्या वायरीखाली झाकला गेला होता, जे-कॉम-१ लिहिलंय. केबल एम. जी. रोडला तिसऱ्या दुकानात मिळाली, दोनशेच्या आत. आणि तुम्ही म्हणालात तसंच, सॉकेटचं ५ डी च्या ५ ला वाजेना, ९ वाजलं. म्हणजे नको तो प्रकार. दुकानात परत गेलो तर त्याच्याकडे सगळ्या तशाच, मग घरी आणून डी कनेक्टरच्या बाजूने रिबन सोडवली आणि नऊच्या नऊ तारा नंबराप्रमाणे सोल्डर केल्या. व्होल्टेज उणे १०.८ आलं. २-३ शॉर्ट करून टर्मिनलमध्ये टाइप केलं तर अक्षरं परत यायला लागली, वडील मागे उभे होते, त्यांनी स्वतः एक ओळ टाइप करून बघितली.

मग काकांनी सांगितलेलं अर्थिंग. ऑफिसच्या प्लगवर न्यूट्रल-अर्थमध्ये ११ व्होल्ट! इलेक्ट्रिशियनला बोलावून घेतलं, खड्ड्याशी जाणारी पट्टी गंजून जवळपास तुटायला आली होती. ती बदलली, खड्ड्यात पाणी घातलं, आणि पीसीचा प्लग मशीनच्याच पॅनेलच्या अर्थवर घेतला. आता १ च्या खाली आहे. केबल जुनीच ठेवली पण उघडून बघितली, २५ ला तार नव्हती, बरं वाटलं.

फिफो १ वर. पहिला अर्धा तास मी मशीनसमोरून हललो नाही, एमर्जन्सीवर हात ठेवून उभा. रविवारी सकाळी ९ ला फिनिशिंगचा प्रोग्राम लावला, ३.४ एमबीचा, दुपारी साडेतीनला संपला. एकही अलार्म नाही. दोन्ही पार्ट्यांना फोन करून तारीख दिली.

बोर्डवाला_सिडको

जबरदस्त दादा. एक विनंती, तो बोर्ड लहान आहे आणि सिरियलची चिप त्याच्यावरच आहे, म्हणजे उद्या पोर्टला झटका बसला तर बोर्डच जाणार. आता घाई नाहीये तर एक ऑप्टो आयसोलेटर केबलमध्ये टाकून घ्या, म्हणजे पीसी आणि मशीन यांच्यामध्ये तारेचा संबंधच राहत नाही, फक्त उजेडाने सिग्नल जातो. पाऊस सुरू व्हायच्या आत केलंत तर बरं.

जुना_सेटर

बोर्डवाल्याचं ऐका. आणि फिनिशिंगला एवढे तास लागतात तर प्रोग्राममधले एन नंबर (ओळींचे क्रमांक) आणि मधल्या मोकळ्या जागा काढून पाठवा, तेवढीच अक्षरं कमी.

टूलरूम_अंबड

आयसोलेटर ऑर्डर केलाय. एन नंबर आजच काढतो काका.

आणि हो, ते जुनं दोन पोर्टचं पीसीआय कार्ड चालू स्थितीत आहे, ड्रायव्हरची सीडीसुद्धा आहे. अंबड-सातपूरमध्ये कोणाच्या मशीनला अजून एक्सपीवाला पीसी असेल आणि कार्ड गेलं असेल तर मेसेज करा, एक्सलो पॉइंटला येऊन घेऊन जा, पैसे नकोत.